घड्याळजींची एकतीस वाक्यं

तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही कोण आहात, कुठल्या काचेच्या इमारतीत बसता, मला ठाऊक नाही. कुणाचं नाव घेऊन भांडायला मी आलेलो नाही. पण ज्या दिवशी तुम्ही ठरवलंत की यापुढे साऱ्या जगाने पडद्याला बोट लावायचं, त्या दिवशी एका माणसाची वाचा दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा तो आजार होता. दुसऱ्यांदा गेली तेव्हा ती सुधारणा होती.

मी माऊस बोलतोय. काळा, तारेचा, पोटाखाली लाल दिवा असलेला साधा माऊस. माझ्या एका बटणावरचा रंग झिजून खालचं पांढरं प्लास्टिक दिसतं. तो ठिपका बरोबर एका बोटाच्या पेराएवढा आहे. एवढी एकच खूण मी आयुष्यात कमावली.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. एका लांबलचक पट्ट्यावर माझी भावंडं रांगेने सरकत होती, कुणीतरी माझ्या पोटात चार स्क्रू फिरवले, दोनदा टिचकी मारून पाहिली आणि खोक्यात घातलं. पुढचे काही महिने अंधार. मग एका दुकानाच्या काउंटरवर खोकं उघडलं आणि एक मुलगी म्हणाली, "बाबा, हा हातात छान बसतो."

"बघू," म्हणत बाबांनी मला उचललं, उलटं केलं, बटण कानाजवळ नेऊन दाबलं. "आवाज स्वच्छ आहे. घे."

माणसं वस्तू घेताना तिचा रंग बघतात, किंमत बघतात. हा माणूस ऐकत होता. कारण तो घड्याळजी होता.

खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर. कॉम्प्युटर आला तो लेकीच्या कॉलेजसाठी. खिडकीजवळच्या टेबलावर आमची स्थापना झाली. घड्याळजी जेवायला वर आले की लांबूनच आमच्याकडे बघायचे. "याला चावी कधी द्यायची गं?" असं रोज विचारायचे. लेक रोज चिडायची आणि आतून काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज हसायची.

दुसऱ्या वर्षी माझं डावं बटण रुसलं. एकदा दाबलं की दोनदा वाजायचं. लेक म्हणाली, नवीन घेऊ. घड्याळजी म्हणाले, "घेऊ म्हणजे? हा काय मेला आहे का?" त्यांनी मला खाली नेलं, डोळ्याला भिंग लावलं आणि माझं पोट उघडलं. बटणाखाली केसाएवढी पितळी पट्टी असते, ती वाकली होती. त्यांनी ती चिमट्याने धरली आणि एका श्वासात सरळ केली. त्यांचं बोट मात्र माझ्या आतल्या कुठल्याच भागाला लागलं नाही. घड्याळाच्या कामातला तो पहिला नियम. बोटाला घाम असतो, तेल असतं. आज लागलेलं बोट सहा महिन्यांनी गंज बनून वर येतं. हाताखाली काम शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांवर त्यांनी या एका कारणासाठी पट्टी मारली होती. "बोट कशाला दिलंय देवाने? घास घ्यायला. काम चिमट्याने करायचं."

हे तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी लेकीला एक प्रकल्प करायचा होता, जुन्या व्यवसायांवर. तिने टेपरेकॉर्डर तीन दिवस दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि सगळं बोलणं टिपून घेतलं. मग ते कॉम्प्युटरमध्ये भरून घेतलं. टेप कॉलेजात जमा झाल्या त्या परत आल्या नाहीत. लेक शिकली, लांबच्या गावी नोकरीला गेली. काकूंनी आमच्यावर जुना टॉवेल टाकला. मला वाटलं, संपलं आपलं.

तीन वर्षांनी टॉवेल निघाला.

घड्याळजींना दुकानातच झटका आला होता. भिंग डोळ्याला तसंच, आणि उजवा हात काउंटरवरून खाली घसरला. जीव वाचला. पण उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. समजायचं सगळं, पण बोलायला गेलं की घशातून नुसती घरघर निघायची. वाचताही येईना. अक्षरं दिसायची, पण त्यांचा अर्थ लागायचा नाही. पंचेचाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी गप्पा मारलेला माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचा.

लेक महिन्याची रजा काढून आली. आठ दिवस तिने नुसतं बघितलं. काकू विचारायच्या, "पाणी हवंय? उठायचंय? पंखा लावू?" आणि घड्याळजी मान हलवून हलवून रडकुंडीला यायचे. नवव्या दिवशी लेकीने कॉम्प्युटर सुरू केला आणि ते तीन दिवसांचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला बसली. त्यातून तिने वाक्यं कापली. बरोबर एकतीस. प्रत्येकाला एक चित्र दिलं आणि ती चित्रं पडद्यावर मांडली, आठ-आठच्या चार रांगांत. शेवटची जागा रिकामी राहिली.

"बाबा, दाबून बघा."

घड्याळजींनी डावा हात माझ्यावर ठेवला. थरथरत मला वर डावीकडे नेलं. टिचकी. आणि खोलीत त्यांचा स्वतःचा खणखणीत आवाज घुमला :

"अगं, ऐकलंस का?"

आतल्या खोलीत पातेलं पडल्याचा आवाज आला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हात ओले, तोंडावर पदर. पदर बाजूला करून त्या म्हणाल्या, "ऐकतेय. बोला."

गंमत बघा, दुकानात त्या तीन दिवसांत माणूस जे बोलला तेवढंच त्याच्याजवळ शिल्लक होतं. "मला भूक लागलीय" असं काही ते गिऱ्हाइकांसमोर बोलले नव्हते. होतं ते एवढंच, दुपारी जिन्याकडे तोंड करून ओरडलेलं : "आज उपाशी मारणार का?" मग भुकेला तेच. मालिश करणारी बाई आली की "उद्या या, आज होणार नाही." काकू आंघोळीची घाई करायला लागल्या की "घाई असेल तर दुसरं दुकान बघा." काकू म्हणायच्या, "बघतेच आता. या वयात कोण घेतंय का बघते." दुखण्याला तर वाक्यच नव्हतं. आपलं काही दुखतं असं हा माणूस कधी बोललाच नसावा. पण एका घड्याळाबद्दल ते म्हणाले होते, "स्प्रिंग गेलीय याची." दुखायला लागलं की घड्याळजी ते दाबायचे. मग काकू विचारायच्या, "कुठली? खांद्याची की गुडघ्याची?"

वाचता येत नसताना त्यांना हे जमलं कसं? जागेवरून. दुकानाच्या खणात त्यांची साठ हत्यारं असत आणि न बघता हात त्यातल्या हव्या त्यावर पडे. तसाच हा पडदा त्यांनी हातात बसवून घेतला. चित्रांकडे तर ते बघतसुद्धा नसत. पाणी दुसऱ्या रांगेत पाचवं. पुरे झालं, तिसऱ्या रांगेत पहिलं. पंखा त्याच्या शेजारी. मी टेबलावर किती बोटं सरकलो की काय येतं, हे त्यांच्या मनगटाला माहीत होतं.

आणि ती रिकामी जागा. कधीकधी संध्याकाळी ते मला तिथे नेऊन दाबायचे. काहीच वाजायचं नाही. जे सांगायला त्या एकतिसांत वाक्य नव्हतं, ते बहुतेक तिथे असावं.

पण सगळ्यात जास्त दाबलं जायचं ते पहिलंच. काही काम नसताना. "अगं, ऐकलंस का?" आणि स्वयंपाकघरातून, "ऐकतेय, बोला." बस. पुढे काही नाही. मी मोजत नव्हतो, पण दिवसाकाठी वीस-पंचवीस वेळा तरी. माझ्या बटणावरचा पांढरा ठिपका त्यातूनच पडला. दोन वर्षं मी एका माणसाची जीभ होतो. जगातले किती माऊस असं म्हणू शकतील?

मग तुमची चौकट यायला लागली.

पडद्याच्या मधोमध एक पांढरी चौकट उगवायची. नवी आवृत्ती तयार आहे, आता घ्यायची का? काकू येऊन ती बंद करायच्या. दोन दिवसांनी पुन्हा. काकू म्हणायच्या, "काय चिकट आहे बाई, दारावर येणाऱ्या विक्रेत्यासारखी." तुम्हाला 'नको' हा शब्द कळत नाही का? ज्यांना कळतो अशी माणसं तुमच्याकडे नोकरीला नाहीत का?

एका दुपारी काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. घड्याळजींना तहान लागली. त्यांनी मला दुसऱ्या रांगेत पाचव्या जागी नेलं. नेमकी त्याच क्षणी चौकट उगवली. चौकटीवरचं 'होय' बरोबर पाण्याच्या जागेवर होतं. घड्याळजी पडद्याकडे बघत नव्हते, बघायची गरजच नव्हती. वाचता तर येतच नव्हतं. त्यांनी दाबलं.

ती टिचकी माझी होती. मी अडकायला हवं होतं. पण त्यांनीच माझी पट्टी इतकी नीट सरळ केली होती की मी कधी अडकत नव्हतो.

पाणी आलं नाही. पडदा निळा झाला आणि त्यावर ठिपके गोल गोल फिरायला लागले. काकू वर आल्या तेव्हा घड्याळजी कोरड्या ओठांनी ते ठिपके बघत बसले होते. काकूंना वाटलं, काहीतरी दुरुस्ती चाललीय. अडीच तासांनी पडदा उजळला.

चित्रं नव्हती. मोठमोठ्या रंगीत फरशा होत्या. हिरव्या, जांभळ्या, नारिंगी. त्यातल्या काही आपोआप उलटायच्या, मागून कुणाचे तरी हसरे चेहरे यायचे. घड्याळजींनी मला वर डावीकडे नेलं, दाबलं. हवामान आलं, पडदाभर. पाण्याच्या जागी दाबलं. मोटारींच्या शर्यतीचा खेळ आला, पडदाभर. बंद करायची फुली कुठेच नव्हती. तुम्ही ती काढून टाकली होती. बोटाने वरून खाली ओढून टाकायचं म्हणे. कसलं बोट? ही जुनी काच होती. तिला बोट कळतच नव्हतं.

काकूंनी लेकीला फोन लावला, आवाज मोठा ठेवून.

"आई, खाली डाव्या कोपऱ्यात जा."

"कोपऱ्यात काही नाही गं."

"दिसत नाही, पण आहे. माऊस कोपऱ्यात ने आणि थांब."

"किती वेळ थांबू?"

"एक क्षण. आलं का काही?"

"आलं. गेलं."

"हलवलास ना तू!"

"हलवला नाही, माझा हात हलला. माणसाचा हात हलतो!"

पलीकडून लेक म्हणाली, "मी शनिवारी येते. बाबांना दे."

काकूंनी मोठा आवाज बंद केला आणि फोन घड्याळजींच्या कानाशी धरला. लेक काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. घड्याळजींच्या घशातून घरघर आली, एवढंच.

शनिवारपर्यंत पाच दिवस होते. पाच दिवस घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. पाणी? पंखा? उठायचंय? तिसऱ्या दिवशी घड्याळजी सकाळपासून कण्हत होते आणि काकू उशी वर कर, खाली कर, करत होत्या. संध्याकाळी कळलं की पायाच्या बोटात काच गेली होती. दिवसभर. दोन वर्षं जो माणूस एका टिचकीत दुखणं सांगत होता, तो दिवसभर.

लेक आली. तिने फरशांच्या मागे लपलेला जुना पडदा शोधून काढला. चित्रं होती तिथे, पण रांगा मोडलेल्या. तिने त्या पुन्हा लावल्या. घड्याळजींनी अधीरपणे मला वर नेलं. "अगं, ऐकलंस का?" आवाज आला! काकू आतून धावल्या. पण आवाजाबरोबर पडदा काळाठिक्कर झाला. नव्या पद्धतीत प्रत्येक आवाज असा पडदाभर पसरून लागायचा. बाहेर पडायचं तर मला वरच्या काठाला धरून थेट खालपर्यंत ओढायचं, बटण न सोडता. थरथरत्या डाव्या हाताला ते जमेना. अर्ध्यात बोट सुटायचं. म्हणजे आता घड्याळजींना एकच वाक्य बोलता येत होतं. ते बोललं की दार बंद.

लेकीने दीड दिवस झगडून पाहिलं. ती शाळेत इतिहास शिकवते, तिचं हे काम नव्हे. रविवारी संध्याकाळी तिने हात टेकले आणि बाजारातून एक टॅबलेट आणला. वहीएवढी चकचकीत काच. त्यात अशा रुग्णांसाठीच केलेली चित्रं होती, मोठी मोठी.

"बाबा, हे बोटाने. माऊसची कटकटच नाही."

घड्याळजींनी काचेकडे पाहिलं. मग काकूंकडे बघून खाली बोट दाखवलं, दुकानाकडे. काकूंना कळलं. त्या गेल्या आणि त्यांची हत्यारांची पेटी घेऊन आल्या. घड्याळजींनी डाव्या हाताने चिमटा उचलला आणि त्याचं टोक अलगद काचेवर टेकवलं.

काही झालं नाही. पुन्हा टेकवलं.

"बाबा, चिमटा नाही हो, बोट. बोट लावा."

ते मान हलवत राहिले. पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटांवर पट्टी मारलेला माणूस. लेकीने शेवटी त्यांचं बोट धरून काचेवर टेकवलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. बोट थरथरलं, काचेला तीनदा लागलं. काचेतून एक गोड, तरुण बाईचा आवाज आला : "मला पाणी हवे आहे. मला पाणी हवे आहे. मला पाणी हवे आहे."

काकूंनी दचकून दाराकडे पाहिलं. कोण आलं?

घड्याळजींनी काच पालथी घातली.

"बाबांचा आवाज यात जोडता येतो म्हणे, पण मला आत्ता जमत नाहीये," लेक आईला म्हणाली. "मी आवाज सगळे बरोबर नेते. तिकडे कुणाला तरी विचारून जोडून आणते." तिने एक छोटी डबी कॉम्प्युटरला लावली, एकतीसच्या एकतीस चित्रं निवडली आणि मला धरून त्या डबीत ओढून टाकली.

मला तिथेच शंका आली. इतकं बोलणं वाहून न्यायला थोडा तरी वेळ लागतो. ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. तिने नेली ती नुसती चित्रं, दारावरच्या पाट्या; आवाज सगळे कॉम्प्युटरच्या आतच राहिले. तिने मोजलं, एकतीस भरले, ती निश्चिंत झाली. मी ओरडायला हवं होतं. पण आमच्या त्या खोलीत ज्यांना ठाऊक होतं त्यांना बोलता येत नव्हतं.

म्हणून आता तुम्हाला सांगतो. नवं करू नका असं मी म्हणत नाही. बोटाने चालणारी काच कुणाला तरी हवीच असेल, त्यांना द्या, आनंदाने द्या. पण ज्याने एक एक जागा हातात बसवून घेतलीय, त्याची जागा त्याला न विचारता हलवू नका. तुमच्या लेखी तो कोपरा आहे. कुणाच्या लेखी तिथे बायको आहे.

माझं काय, मी जुना झालो. मला फेकलं तरी चालेल. पण आज सकाळी जे झालं ते मला चालण्यासारखं नाही.

लेक जाऊन तीन आठवडे झाले. टॅबलेट पालथाच आहे. घड्याळजींनी हळूहळू मागणंच सोडलं. पाणी दिलं तर पितात. काकूंना वाटलं, तो बंद कॉम्प्युटर रोज समोर दिसतो, त्याचाच त्यांना त्रास होतो. शिवाय टेबल औषधांना हवं होतं. त्यांनी टॅबलेटवाल्या दुकानात सांगितलं आणि आज दुकानाचा माणूस जुना कॉम्प्युटर न्यायला आला.

त्याने तारा सोडल्या. माझीही.

"यातलं काही ठेवायचंय का, काकू? दुकानात गेल्या गेल्या मी सगळं पुसून कोरं करणार."

"नाही, लेकीने घेतलंय सगळं. हो ना हो?" काकूंनी घड्याळजींकडे पाहिलं.

घड्याळजींचा चेहरा पिळवटला. त्यांनी डाव्या हाताने टेबलावरून मला उचललं आणि खुर्चीच्या हातावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझं बटण आपोआप वाजलं, कुठेही न जोडलेलं.

"असं नका करू हो," काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. "मलाही बरं वाटत नाहीये. पण रोज बघून रोज रडायचं का?"

दुकानाच्या माणसाने कॉम्प्युटरची पेटी खांद्यावर घेतली. "राहू दे काकू, माऊस आजोबांनाच राहू दे. हा आता कुणी घेत नाही."

तो दारापर्यंत गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून त्याने खांद्यावरची पेटी नीट केली, मागे वळून एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि काकूंना अगदी मनापासून म्हणाला :

"नवीन मशीन दिलं की म्हातारी माणसं आमचं डोकं खातात हो, हे कुठे गेलं, ते कुठे गेलं. या आजोबांची मात्र काही तक्रार नाही."